जुन्या मोटारीची निगा

व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय आणि अर्थकारण यांवर बोलण्याची आपल्याकडे परिपाटी आहे. तेथे जुन्या मोटारीच्या तेलपाण्याचा विषय काढला, तर तो गॅरेजात शोभणारा, सभागृहात न शोभणारा, असे कित्येकांना वाटेल. परंतु क्षणभर विचार करावा. लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शनास निघालेले कुटुंब, शहरातील इस्पितळात न्यावयाचा रोगी, बाजारास निघालेले शेतकरी असे आठ-दहा जीव एका वाहनात बसून घाट उतरतात. त्या वाहनाच्या ब्रेकमध्ये किती दम उरला आहे, हा प्रश्न केवळ मिस्त्रीचा कसा म्हणता येईल? तो त्या आठ-दहा जणांचा आहे आणि वळणापलीकडून येणाऱ्या अनोळखी माणसाचाही आहे. म्हणून या विषयाची चार शहाण्या माणसांत चर्चा व्हावी, असे आम्हांस वाटते.

बोलणे मोघम होऊ नये यासाठी एकच गाडी आम्ही डोळ्यांपुढे ठेवतो. ती म्हणजे टाटा सुमो. तेव्हा टेल्को या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ती १९९४ साली बाजारात आणली. तिचे नाव ऐकून पुष्कळांना जपानी मल्लाची आठवण होते, आणि गाडीची अंगलट पाहता ती साहजिकही आहे. पण खरी गोष्ट निराळी. टेल्कोची उभारणी करणारे सुमंत मूळगावकर यांचे नाव व आडनाव इंग्रजीत लिहिले असता त्यांची जी पहिली दोन-दोन अक्षरे येतात, ती जोडून हे नाव तयार झाले आहे. १९८९ साली मूळगावकर निवर्तले. त्यानंतर पाच वर्षांनी निघालेल्या या गाडीने त्यांची स्मृती खेडोपाडी नेली. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक सुमो ही मागे नवी भावंडे नसलेली गाडी आहे. जी आहे ती टिकवायची किंवा तिचा निरोप घ्यायचा, एवढेच आपल्या हाती उरले आहे. १९९८ साली आलेली सफारी, किंवा त्याच सुमाराच्या इतर मोठ्या डिझेल गाड्या यांनाही पुढील विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडेल.

या गाडीची बांधणी समजून घेतली म्हणजे तिची निगा समजणे सोपे जाते. खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा असतो: दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. कारागीर त्याला चासी म्हणतात. या सांगाड्यावर इंजिन, गिअरपेटी आणि बसावयाची खोली बोल्टांनी बसविलेली असते. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि दोहोंच्या मध्ये एक लांब फिरता दांडा. मागच्या बाजूस वजन पेलणारे कमानपाटे. सुमोचे मूळ इंजिन १९४८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि डिझेलवर चालणारे. त्यात विजेच्या नाजूक उपकरणांचा भरणा नव्हता. म्हणूनच तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ते निर्धास्तपणे उघडू शकतो. अशी गाडी आपल्या हाताला लागू देते, आणि तिचे दुखणे आवाजाने, वासाने, धुराने व थरथरीने बोलून दाखवते. ऐकणारा मात्र पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जुनी गाडी वयामुळे निकामी होत नाही. ज्या क्रमाने तिच्यावर पैसा खर्च होतो, तो क्रम चुकल्यामुळे ती निकामी, आणि त्याहून वाईट म्हणजे धोकादायक होते. आपल्याकडे काय चालते ते पाहावे. गाडी जुनी झाली की पहिला खर्च आसनांच्या खोळींवर होतो. मग रंग, मग कर्कश भोंगा, मग गाणी लावण्याचे यंत्र, मग टपावरचा कॅरिअर. त्यातून पैसे उरलेच तर ब्रेकचे लायनर. दुखणे एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्या ठिकाणी, याला आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात. आमच्या मते खरा क्रम असा असावा: आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती हवी तिकडे वळली पाहिजे, मग ती थंड राहिली पाहिजे, मग ती चालली पाहिजे, आणि सर्वांत शेवटी ती दिसली पाहिजे. याच क्रमाने आपण पुढे जाऊ.

प्रथम थांबण्याचा विचार करू. माणसे व सामान भरलेली अशी गाडी सुमारे २४०० किलो वजनाची धरा. खंडाळ्याहून खोपोलीस उतरताना ती जवळजवळ पाचशे मीटर खाली येते. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर असे म्हणू की, या उष्णतेने ४० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. वाऱ्याचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांतला काही वाटा उचलतात. उरलेला कोणी उचलायचा? चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर इंजिन बराचसा भार घेते. तो वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये राहिला तर सगळी उष्णता चार चाकांतील ब्रेकच्या चकत्या आणि ड्रम यांच्या वाट्याला येते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक निव्वळ रूढी नव्हे. त्याच्यामागे हे गणित उभे आहे.

आता या उष्णतेचे पुढे काय होते ते पाहावे. पायाने दाबलेला जोर चाकापर्यंत नेण्याचे काम ब्रेक ऑइल करते. नावात ऑइल असले तरी हे खनिज तेल नव्हे. ते हवेतील ओलावा सतत शोषून घेणारे रसायन आहे. ‘डॉट ३’ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. तेच ऑइल ओलावा शोषून जुने झाले म्हणजे ही मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ प्रतीसाठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पाय तळाला टेकतो आणि चाके मात्र फिरतच राहतात. घाटात ‘ब्रेक फेल झाले’ असे आपण ऐकतो, तेव्हा पुष्कळदा काही तुटलेले नसते. वेळीच न बदललेले ऑइल उकळलेले असते. कोकणासारख्या दमट प्रदेशात तर हा ओलावा अधिकच लवकर शिरतो. म्हणून दर दोन वर्षांनी जुने ब्रेक ऑइल पुरते काढून नवे भरावे. वरून थोडी भर घालून भागत नाही. हा खर्च आसनांच्या खोळींहून कितीतरी कमी असतो.

दुसरी गोष्ट इंधन वाचविण्याच्या खुळाची. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे महाभाग अजून आढळतात. पेट्रोलच्या इंजिनात हवा ओढताना जी पोकळी निर्माण होते, तिचा उपयोग ब्रेकला मदत देणाऱ्या बूस्टरसाठी करता येतो. डिझेल इंजिनात तशी पोकळी होत नाही. म्हणून तेथे इंजिनच्या जोरावर फिरणारा वेगळा व्हॅक्यूम पंप ठेवावा लागतो. इंजिन बंद झाले की पंप थांबतो. साठलेल्या पोकळीवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, मग पायाखालची पट्टी दगडासारखी कठीण होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही त्याच क्षणी जड होते. म्हणजे चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी माणूस थांबण्याची आणि वळण्याची, दोन्ही शक्ती एकदमच गमावतो. यास काटकसर म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

बूस्टर ठीक आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी घरच्या घरी करता येते. इंजिन बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, म्हणजे पट्टी कठीण होईल. मग ती तशीच दाबून धरून इंजिन चालू करावे. पट्टी पायाखाली किंचित खाली गेली, तर बूस्टर काम करीत आहे असे समजावे. ती जागची हलली नाही, तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी. त्याचप्रमाणे पट्टी स्पंजासारखी लागली तर ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. दाबून धरल्यावर ती हळूहळू खाली बसत गेली तर बहुधा मास्टर सिलिंडर गळत असतो. आणि ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली गेली, तर दोन्ही बाजूंच्या चाकांचे ब्रेक सारखे लागत नसतात. या तीनही खुणा शिकण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही.

थांबण्यानंतर वळणे, आणि वळणे म्हणजे आधी टायर. मोटारीचा रस्त्याशी जो काही संबंध असतो तो चार तळहातांएवढ्या जागेपुरता असतो. टायरच्या खाचांच्या तळाशी जागोजाग रबराचे बारीक उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. खाच झिजून १.६ मिलिमीटर उरली की हे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाच्या पातळीस येतात. तो टायर बदलण्याचा इशारा होय. पण मोठ्या गाडीच्या बाबतीत याहून फसवी गोष्ट वयाची. पुष्कळ सुमो आज वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर पडतात. त्यांच्या टायरच्या खाचा नव्यासारख्या दिसतात, पण रबर आतून सुकून भेगाळलेले असते. टायरच्या कडेवर चार अंकांचा एक ठसा असतो: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१५ असा ठसा असेल तर तो टायर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हा ठसा वाचण्यास अर्धे मिनिट लागते. तरीही जुनी गाडी विकत घेणारे लोक रंगावरून हात फिरवतात आणि या ठशाकडे पाहतही नाहीत.

हवेचा दाब टायर थंड असताना पाहावा, आणि तो कंपनीने दिलेल्या आकड्याइतका ठेवावा. ‘उन्हाळा आहे, थोडी हवा कमीच ठेवा’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो, पण तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. वाकण्याने त्या तापतात, आणि द्रुतगती मार्गावर तासभर तापलेला टायर अखेर फुटतो. जादा चाकाची आठवण बहुतेकांना चाक बसले म्हणजेच होते. आपण त्याला स्टेपनी म्हणतो. हा शब्द वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कारखान्यात असे जादा चाक तयार होई. त्याच्या स्वतःच्या देशात तो शब्द जवळजवळ विसरला गेला. आपल्याकडे मात्र तो घरोघरी आहे. शब्द टिकविला तसे चाकही टिकवावे आणि महिन्यातून एकदा त्यातली हवा पाहावी. ‘आधी शिदोरी, मग जेजुरी’ ही म्हण प्रवासास निघणाऱ्यांसाठीच आहे.

स्टिअरिंगचे चाक इकडून तिकडे फिरविताना पुढची चाके न हलता जो मोकळेपणा जाणवतो, त्याला कारागीर ‘प्ले’ म्हणतात. जुन्या गाडीत तो थोडा असणारच, परंतु महिन्यागणिक तो वाढू लागला तर सांधे झिजले असे समजावे. टायर एकाच कडेने झिजत असेल तर टायरला दोष देऊ नये, चाकांची दिशा तपासून घ्यावी. आणखी एक. टपावर पोती आणि बोचकी रचली की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. अशी उंच गाडी वळणावर कलंडण्यास मग फार वेग लागत नाही. कॅरिअर बसवून देणारा हे सांगत नाही.

आता थंड राहण्याकडे वळू. उष्णतेने इंजिन बिघडते ते एका क्षणात नव्हे. त्याची पूर्वतयारी महिनोन्महिने चाललेली असते. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसून दाब राखणारी झडप असते. बाहेरच्या हवेपेक्षा आत आणखी एक वातावरण एवढा दाब राहिला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. झाकणातील रबर कडक झाले की दाब राहत नाही. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३७२ मीटर उंचीच्या ठिकाणी तर उघडे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. म्हणून सपाटीवर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी घाटमाथ्यावर वाफा सोडू लागते, आणि मालक इंजिनास शिव्या देतो. दोष बहुधा त्या लहानशा झाकणाचा, ढिल्या पट्ट्याचा, नाही तर चिखलाने बुजलेल्या जाळीचा असतो.

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षार बारीक नळ्यांत साचून त्या बुजवितात. बाजारात मिळणारे कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून घालावे. त्याने उकळबिंदू वाढतो आणि गंजही आवरतो. इंजिनच्या पाण्याच्या मार्गात एक थर्मोस्टॅट असतो. गाडी तापते अशी तक्रार आली की काही कारागीर तो काढून फेकून देतात. त्याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. त्या झडपेविना इंजिन योग्य उष्णतेस पोहोचण्यास फार वेळ लावते, डिझेल अधिक खाते आणि लवकर झिजते. वाटेत काटा लाल खुणेकडे जाऊ लागला तर वातानुकूलन बंद करावे, गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि वाट पाहावी. तापलेले झाकण उघडणे म्हणजे उकळत्या पाण्याचे कारंजे तोंडावर घेणे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे म्हणजे सिलिंडरहेडला तडा जाण्यास आमंत्रण देणे. वऱ्हाडाला पोहोचण्यास तासभर उशीर झाला तर चालतो. मुहूर्त गाठण्याच्या नादात इंजिन जाळले तर मुहूर्तही जातो आणि इंजिनही जाते.

चालण्यासंबंधी फार विस्तार करीत नाही. तेलाची कांडी सपाट जागी, इंजिन थंड असताना, सकाळी पाहावी. डिझेल गाडीचे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. ती काजळी होय, आणि तिला भिण्याचे कारण नाही. मात्र तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे आणि गाडी चालू करू नये. धुराचीही भाषा आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी; बहुधा हवेची गाळणी धुळीने भरलेली असते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. थंडीच्या सकाळी क्षणभर दिसणारा पांढरा धूर चिंतेचा नाही, पण तो थांबतच नसेल आणि कूलंटही घटत असेल, तर सिलिंडरहेडखालचे गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. डिझेलच्या गाळणीखाली साचलेले पाणी वरचेवर सोडून द्यावे. टाकी पार रिकामी होईपर्यंत गाडी चालविली की नळ्यांत हवा शिरते. ‘गाडीने एअर घेतली’ असे मग चालक म्हणतात. हातपंपाने ती हवा काढता येते, पण पावसात, रात्री, रस्त्याच्या कडेला ते शिकण्यापेक्षा घरी मिस्त्रीकडून एकदा शिकून घ्यावे.

गाडी सुटताना खालून ‘टक’ असा आवाज आला तर फिरत्या दांड्याचा क्रॉस पाहावा. त्यास वेळेवर ग्रीस मिळाले असते तर तो आवाज पुष्कळ वर्षे आला नसता. सांगाड्याचा खरा वैरी गंज. पावसाळ्यानंतर आणि समुद्रकिनाऱ्यावरून आल्यानंतर गाडी खालून धुवावी. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, ती काडीने मोकळी करावी. बाहेरून रंग चकाकतो आणि आत पत्रा कुजतो, अशा गाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि कोणीही, कोणत्याही कारणाने, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. आधी भक्कम लोखंडी आधार द्यावा, चाकांना उटी लावावी, मगच हात आत घालावा.

येथवर मालकाचे काम झाले. आता मालक आणि मिस्त्री यांच्या संबंधाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. आपल्याकडे मालक गॅरेजात जाऊन रोग सांगत नाही, औषधच सांगतो. ‘मिस्त्री, क्लचप्लेट बदलून टाका,’ असे तो फर्मावतो. मिस्त्री बिचारा ती बदलतो, आणि दुखणे तसेच राहते. त्याऐवजी ‘मिस्त्री, चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, हे कशाने होत असेल?’ असे विचारावे. लक्षण आपण सांगावे, निदान त्याला करू द्यावे. कोणता आवाज, कोणत्या वेगात, इंजिन थंड असताना की तापल्यावर, एवढे सांगितले तरी त्याचे निम्मे काम होते. बदललेला जुना भाग परत मागून पाहावा. त्यात अविश्वास नाही. झिजलेला भाग हातात घेतला म्हणजे तो का झिजला ते कळते. आणि एक साधी वही गाडीत ठेवावी: तारीख, किलोमीटर, काय केले, किती खर्च झाला. दोन वर्षांनी ती वही कोणत्याही तज्ज्ञापेक्षा गाडीविषयी अधिक सांगू लागते.

शेवटी एक कटू प्रश्न. अशी गाडी कोठवर सांभाळावी? कायद्याने खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पुष्कळजण ही तपासणी म्हणजे कटकट समजतात. आमच्या मते मालकाने ती आधी स्वतःच करावी, आणि मनाशी तीन प्रश्न विचारावेत. सांगाडा कोठे कुजला आहे काय? ब्रेक व स्टिअरिंग यांचे सुटे भाग खात्रीचे मिळतात काय? आणि सर्व दुरुस्ती करूनही गाडी काळा धूर ओकते काय? २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना माणसास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. तेव्हा धूर ही केवळ इंजिनची तक्रार राहिलेली नाही. आपल्या मागे दुचाकीवर लेकरू घेऊन चाललेल्या बाईच्या छातीत तो जातो. ज्या गाडीचा सांगाडा कुजला, किंवा जिचा धूर काही केल्या आवरत नाही, तिचा निरोप घेणे हीदेखील निगाच होय. येथे भावनेपेक्षा विवेकाला मान द्यावा. परंतु या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर केवळ शेजाऱ्याने नवी घेतली म्हणून चालती गाडी मोडीत काढू नये. ती घडविताना जे पोलाद आणि जे श्रम खर्च झाले, त्यांचाही काही हक्क आहे.

वैशाख सरत आला की लग्नसराईची धावपळ आणि त्यामागोमाग पावसाळा येतो. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी असेल, त्यांनी त्यापूर्वी निदान तीन गोष्टी कराव्यात: ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते वहीत पाहावे, टायरवरचे चार अंक वाचावेत, आणि रेडिएटरचे झाकण गाडी थंड असताना उघडून त्याचे रबर तपासावे. अपघात झाल्यानंतर या गोष्टी सर्वांनाच सुचतात. ‘बैल गेला नि झोपा केला’ अशी आपली जुनी खंत आहे. झोपा आधी करणे फारसे खर्चाचे नाही. त्यास सकाळचा एक तास पुरेल.